ढावल्यातली एक ओळ

न्हाई वो मॅडम, लग्न आजचं न्हाई — लग्न होऊन तर लई दिवस झाले, निघणं आजचं हाय. पोरीच्या कपाळाला कुंकू दिसून राहिलं म्हणून तुमाला तसं वाटलं असंल. ते तांड्यातल्या बायांनी लावलं सकाळी. पुसेगावच्या अलीकडं आमचा तांडा, तिथून मुंबईला चाललो, अन् मुंबईहून विमान — पोरीला क्यानडात जायचं, नवऱ्याकडं. अन् इथं कनेरगाव नाक्यावर येऊन टायर बसला. बसू द्या. आमचे मालक गेले डायवरसंग पंचरवाल्याकडं, पोरगी त्या लिंबाखाली फोनवर बोलून राहिली, अन् मी बसले ह्या बाजंवर. तुमच्या हातावर काळा कोट पाहिला अन् म्हणलं, वकील दिसतात, दोन शब्द बोलावं. हिंगोलीच्या कोर्टातून आल्या ना? व्हय, तेच. वाशिमची गाडी येईस्तोवर च्या घ्या. अवो घ्या, ह्या ढाब्याचा च्या म्हणजे नुसता साखरेचा पाक, पण गरम हाय. मी अनुसया. आमचे मालक फुलसिंग, पोरगी शिला. आमची केस तिकडच्या मोठ्या कोर्टापर्यंत जाऊन आली — खोटं न्हाई सांगत — अन् आमी जिंकलो. तुमी वकील, तुमाला आवडंल ऐकायला.

जावई रणजीत, पुसदकडच्या तांड्यातला. तिकडं मालाच्या गोदामात कामाला हाय. पोरगा वाईट न्हाई, दारू न्हाई, तंबाखू न्हाई, आमच्या मालकाशी फोनवर असा बोलतो की आमच्या मालकाला जेवायची सुद राहत न्हाई. सुट्टी काढून आला, पोरगी पाहिली, सगाई झाली, लग्न झालं, सुट्टी सरली, गेला. आता सुट्टीच तेवढी असली तर लग्न तेवढ्यातच उरकणार का न्हाई? मागून त्यानं शिलाला तिकडं न्यायचा अर्ज केला, पण तिथल्या व्हिसाच्या कचेरीतल्या सायबाला ते पटलं न्हाई. त्याचं म्हणणं, हे लग्न देखाव्याचं हाय, देशात घुसायला केलेलं. काहून तर म्हणे, फोटो पहा — नवरी सगळ्या फोटोत रडून राहिली. एका फोटोत सुदिक हसत न्हाई. आता फोटो निवडले कोणी? आमच्या मालकानं. अन् त्यानं बराबर निवडले, आमच्या हिशोबानं. मेंदीच्या दिवशीचा एक होता, शिला मैत्रिणीसंग दात काढून हसून राहिलेली, तो त्यानं बाजूला काढला — नवरी हसती म्हणल्यावर लोक काय म्हणतील, हिला मायबापाचं काहीच न्हाई, निघाली उड्या मारत. जिच्या डोळ्याला खळ न्हाई तीच खरी घरंदाज पोरगी, असं आमच्यात हाय. म्हणून गळ्यात पडून रडतानाचे तेवढे धाडले त्यानं, चांगले मोठे करून. सायबानं तेच पाहून न्हाई म्हणलं.

तुमाला मालूम हाय का आमच्यातलं रडणं? ढावलो म्हणतात त्याला. तुमच्यात नवरी रडती ती नुसती रडती, आमच्यात बोल लावून रडावं लागतं. एकेकाच्या गळ्यात पडायचं — बापाच्या, भावाच्या, काकीच्या — अन् त्याचं नाव घेऊन, आमच्या गोरमाटी बोलीत, सूर लावून म्हणायचं. बापा, तुझ्या गाईला दावं हाय, मला काहून सोडून देऊन राहिला. माझ्या वाट्याची भाकर आता कोणाला वाढशील. मला वैऱ्याच्या हाती देऊन राहिला, तुझं काय वाईट केलं मी. असं. अन् पोरगी चाललेली असती शेजारच्या तांड्यात, नवरा तिच्या मर्जीचा असतो, मनातून उकळ्या फुटत असतात, तरी असंच म्हणायचं. ते शिकवावं लागतं पोरीला. शिलाला माझ्या सासूनं शिकवलं, रुक्माबाईनं — तिचा ढावलो असा की बैल सुदिक खायचं थांबायचे, असं म्हातारी सोताच सांगायची. शिलाला पहिल्यांदा येईना, हसू यायचं तिला, म्हातारी पाठीत धपाटा घालायची. हसून घे हसून घे, म्हणायची, त्या दिवशी बरं येईल. अन् त्या दिवशी आलं वो, मॅडम. असं आलं की आलेली पाव्हणी मंडळी बसल्या जागी डोळे पुसू लागली.

तर सायबानं न्हाई म्हणल्यावर रणजीतनं अपील केलं. तिकडं तशी सोय हाय, नवरा अपील करतो, मग कचेरीतला न्हाई, दुसरा एक साहेब बसतो, अन् तो पहिल्यापासून सगळं पुन्हा ऐकतो, नवीन पुरावा बी घेतो. आमच्या मालकानं डोकं लावलं. म्हणला, ह्या लोकांना रडणं कळलं न्हाई, आपण त्यांना बोल समजावून सांगू — देखाव्याच्या लग्नात कोणी असं रडंल का? म्हणून त्यानं लग्नाचा पूर्ण व्हिडिओ काढला, अन् आमच्याच तांड्यातला दिपक मास्तर, कालेजात शिकवतो, त्याच्याकडून ढावल्याचं ओळीओळीनं इंग्रजी करून घेतलं. मास्तर शिकलेला, पापभीरू माणूस, एक शब्द त्यानं गाळला न्हाई. जे कानाला आलं ते कागदावर. आमी सगळे खूश. मी तर पेढे ठेवले मास्तरापुढं. आता तुमीच पहा, मॅडम — आमी आमच्या हातानं सायबाला लिहून दिलं की नवरी म्हणून राहिली, बापा मला हाकलू नको, मला वैऱ्याला देऊ नको. कोण्या तरी दुसऱ्या जातीच्या माणसानं असं केलं असतं का? आमीच करावं ते.

सुनावणी हिंगोलीतूनच झाली, आमच्या इकडच्या वकिलाच्या आफिसात, पडद्यावर. तिकडून साहेब, बाजूला दुभाषी, अन् इकडं एकेकाला बोलवायचं. शिलाला आधी. तिला इचारलं तर ती नुसती रडली, बोललीच न्हाई नीट. मग मला बोलावलं. खरं सांगीन म्हणून वदवून घेतलं. साहेब आवाज चढवत न्हाई बरं का, लई सबुरीनं बोलतो. रिवाजाचं इचारलं, मी सगळं सांगितलं, आता तुमाला सांगितलं तसंच, म्हातारीचे धपाटे बी सांगितले. मग त्यानं कागद पाहून एक ओळ काढली. दुभाष्यानं मला वाचून दाखवली. शिला माझ्या गळ्यात पडली तेव्हाची ओळ. याडी — आमी मायला याडी म्हणतो — याडी, मी तुला चुलीपाशी सांगितलं होतं, तू फुंकत राहिली. अन् साहेब इचारतो, काय सांगितलं होतं तिनं? मी म्हणलं, साहेब, हे बी त्यातलंच हाय. ढावल्यातलंच. आमच्यात सगळ्या पोरी म्हणतात. माझ्या मायनं म्हणलं, मी म्हणलं. चूल, धूर, हे तर बायाच्या गाण्यात येणारच. लाकडं त्या दिवशी ओली होती अन् पेटून राहिली नव्हती तर बाई फुंकणारच का न्हाई — न्हाई, ते सोडा. ते मी तिथं बोलले न्हाई, आत्ता बोलून राहिले.

तर त्या अपिलाच्या सायबानं बी न्हाई म्हणलं. लिहलं त्यानं, पोरीचे सोताचे शब्द समोर हायत, समोर बसवली तर पोरगी बोलत न्हाई, तवा लग्न तिच्या मनानं झालेलं न्हाई. आता झालं का? आता पोरगी इकडची न्हाई, तिकडची न्हाई. लग्न लागलेलं, नवरा हाय पण समुद्रापल्याड, अन् कागदावर ते लग्नच खरं न्हाई. नर्सिंगचं कालेज तर लग्नातच सुटलं होतं. तांड्यातल्या बाया पाणी भरताना इचारायच्या, अनुसया, पोरगी कधी जाऊन राहिली? रोज. तुमी लेकीच्या माय असाल तर तुमाला कळंल. जेवायला बसली की ती ताट भिंतीकडं करून बसायची. मला वाटायचं, जाऊ दे, एकदाची जाऊ दे तिकडं, तिचं तिच्या घरी काय ते होऊ दे. हे चुकीचं हाय का, मॅडम? मायला असं वाटणं चुकीचं हाय का?

मग रणजीतच्या वकिलानं मोठ्या कोर्टात नेली केस. अन् तिथलं मला लई नवल वाटलं, म्हणून तर तुमाला सांगायचं होतं. मला वाटलं, मोठं कोर्ट म्हणजे पुन्हा सगळ्यांना बोलावतील, पुन्हा इचारतील. मी मनात तयारी करून बसले होते. तर कोणालाच बोलावलं न्हाई. आमच्या मालकानं मेंदीतला हसतानाचा फोटो हुडकून काढला, म्हणला आता हा धाडतो, तर इकडचा वकील म्हणला, जमत न्हाई, ह्या कोर्टात नवीन काही चालत न्हाई, सायबाच्या पुढं जे होतं तेवढंच जज पाहणार. अन् अजून एक म्हणला — जज हे ठरवणारच न्हाई की लग्न खरं का खोटं. जज फक्त पाहणार, सायबानं निकाल देताना डोकं बराबर चालवलं का न्हाई. निकाल पटला न्हाई तरी चालतो, पण त्याच्यामागचा इचार धड पाहिजे. तुमच्याकडं बी असंच असतं का? — व्हय? म्हणजे जगात सगळीकडंच. मला तर वाटलं, ही काय तऱ्हा. स्वयंपाक चांगला झाला का ते पाहायचं न्हाई, हात धुऊन केला का तेवढं पाहायचं.

पण त्याच्यावरच आमी जिंकलो. जजनं लिहलं की ह्या पोरीच्या मायनं शपथेवर एवढं सांगितलं, रडायचा रिवाज हाय म्हणून, ती ओळ रिवाजातलीच हाय म्हणून, अन् सायबाच्या निकालात त्याच्याबद्दल एक चकार शब्द न्हाई. पटलं नसंल तर पटलं न्हाई म्हणा, पण काहून न्हाई पटलं ते लिहा. बाईचं बोलणं हवेत सोडता येत न्हाई. म्हणून निकाल रद्द, अन् दुसऱ्या सायबापुढं केस पुन्हा ऐका. ध्यानात घ्या, मॅडम, माय खरं बोलली असं कोर्टानं कुठंच म्हणलं न्हाई. वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा मी मुद्दाम इचारलं, माझं खरं धरलं का? तो म्हणला, न्हाई काकू, खरं-खोटं कोर्टाचं कामच न्हाई, तुमचं ऐकलं गेलं न्हाई एवढंच म्हणलं. आमच्या मालकानं तांड्यात सगळ्यांना सांगितलं, अनुसयाच्या बोलण्यानं क्यानडाचं कोर्ट हललं. जेवण घातलं. मला साडी घेतली, हीच ती, नेसलेली. सगळे म्हणत होते, माय असावी तर अशी.

पुन्हा सुनावणी झाली तेव्हा साहेब न्हाई, बाई होती. मी तेच सांगितलं, तेच शब्द. शिलाला आत बोलावलं तेव्हा मी बाहेर, मधात काच. ऐकू येत न्हाई पण दिसतं. नंतर वकिलानं सांगितलं, त्या बाईनं शिलाला नीट इचारलं, लग्न तुझ्या मनानं झालं का, अन् जायचं हाय का तुला. तेव्हाच असंल ते — शिलानं मान वळवून काचेतून माझ्याकडं पाहिलं. मी काय केलं? मी मान हलवली. तशीच, माय हलवती तशी, की बोल, बोल, घाबरू नको. ती बोलली. म्हणली, व्हय. याडीनं जे सांगितलं ते बराबर हाय. झालं, मंजूर.

एवढं झालं. आता निघालो. पण आज सकाळी, मॅडम — आज तर खरं निघणं होतं ना? लग्नात गेली ती पुसदच्या तांड्यात, चार दिवसांनी परत. आज जाती ती कधी दिसंल कोणाला मालूम न्हाई. सगळा तांडा जमला होता. बाया पदर सावरून उभ्या, आता शिला गळ्यात पडंल, आता सूर लागंल. रुक्माबाई तर खाटंवरून उठून आली, तिला धरून आणावं लागतं आता. अन् शिला आली, सगळ्यांच्या पाया पडली, बापाच्या पडली, माझ्या पडली, अन् जाऊन गाडीत बसली. एक शब्द न्हाई. डोळ्यात टिपूस न्हाई. बाया एकमेकीकडं पाहून राहिल्या. कोणी तरी म्हणलं, शिकलेल्या पोरी, लाजत असतील. म्हातारी माझ्याकडं पाहून राहिली, नुसती पाहून राहिली, अन् मला तिच्याकडं पाहवंना.

कारण तिला मालूम हाय. लग्नात शिला माझ्या गळ्यात पडून ती ओळ म्हणली तेव्हा म्हातारी बाजूलाच होती. तिनं मान वर केली होती. मायच्या गळ्यात पडल्यावर मायनं बी उलटून म्हणायचं असतं, तशी रीत हाय, पोरगी एक बोल म्हणती, माय एक म्हणती. मला तोंडच उघडता आलं न्हाई. बाया म्हणल्या, अनुसयाला भरून आलं. रुक्माबाईनं शिकवलेल्या ढावल्यात ती ओळ न्हाई, मॅडम. माझ्या मायच्या न्हाई, माझ्या न्हाई, कोणाच्याच न्हाई. ती ओळ शिलाची हाय. सगाईच्या आधी ती चुलीपाशी येऊन बसली होती अन् म्हणली होती, याडी, तो मला मनाला येत न्हाई, तो मला काहीच इचारत न्हाई, बापासंगच बोलतो, मला एवढ्या लांब धाडू नको, माझं कालेज होऊ दे. अन् मी — तुमी काय म्हणाल मला? पावसानं लाकडं भिजलेली, डोळ्यात धूर, बाहेर पाव्हणे बसलेले, मालकानं शब्द दिलेला, तांड्याच्या नायकापुढं सुपारी ठेवायची बाकी. मी फुंकत राहिले. मला वाटलं, पोरी म्हणतातच. सगळ्याच म्हणतात, नंतर निभतं. मी बी म्हणले असंन कधी. अन् तिनं सगळ्या तांड्यासमोर मला पुन्हा सांगितलं, सूर लावून सांगितलं, अन् साऱ्यांनी डोळे पुसले अन् म्हणले, काय गोड रडती पोरगी. एक त्या पडद्यावरच्या सायबाला ऐकू आलं तेवढं. आमची बोली न येणारा माणूस, तिकडं बसून त्यानं माझ्या लेकीचं ऐकलं, अन् मी त्याला खोटं पाडलं.

म्हणून इचारते. तुमी वकील म्हणून इचारते, कोणाला सांगू नका. समजा एखाद्या बाईनं कोर्टात काही सांगितलं अन् ते बराबर नव्हतं, तर ते वापस घेता येतं का? तिकडं फोन करून कोणाला सांगावं लागतं? पुन्हा अपील करावं लागतं का? — काय? — गरज न्हाई? अवो पण मंजुरी आलेली हाय ना, शिक्का बसलेला हाय. — म्हणजे ती नुसती परवानगी. हुकूम न्हाई. न्हाई गेली तर कोणी पकडायला येत न्हाई. पोरगी सज्ञान हाय, तिनं न्हाई म्हणलं की झालं, कोर्ट नको, कचेरी नको. एवढं सोपं हाय ते? मग आमी एवढी कोर्टं काहून — मला तर वाटलं, निकाल लागला म्हणजे जावंच लागतं. न्हाई, असं न्हाई, मला काही वाटलं न्हाई. मी वाटूच दिलं न्हाई. तुमी म्हणून राहिल्या, तिला इचारा. व्हय. तिला इचारायचं. आजपर्यंत सगळ्यांनी इचारलं, सायबानं इचारलं, त्या बाईनं इचारलं, एक मी तेवढं इचारलं न्हाई. बरोबर हाय तुमचं. आता इचारते. विमान उद्या हाय, गाडी अजून इथंच हाय, मालक तिकडं हाय. आत्ताच इचारते.

गप. येऊन राहिली ती. तुमी काही बोलू नका, मी बोलते. — ये गं. बस, इथं बस माझ्याजवळ. ह्या वकीलबाई हायत, वाशिमला चालल्या, गप्पा मारून राहिलो आमी. काय म्हणला रणजीत? — बरं. ऊन लागलं का तुला, तोंड काहून असं उतरलं? शिले. मला तुला — पाणी पी आधी. पी. — काय? बोल की. — कशाबद्दल? जाण्याबद्दल? — अगं त्यांना काही न्हाई, त्या परक्या बाई, आता निघतील. काय झालं, सांग. — न्हाई न्हाई, आत्ता न्हाई, तुझा बाप हाक मारून राहिला तिकडून, टायर बसवला वाटतं. गाडीत बोलू. — असू दे बाप, बाप असला म्हणून काय झालं, गाडीत बोलू सगळं. चल, ऊठ. ती पिशवी दे इकडं. मॅडम, तुमची गाडी आली पहा. निघा तुमी.